साडेसात तासांची वाट

जव्हार संस्थानच्या मोजणी खात्यातल्या देवजींनी कर्कटकाचे एक टोक नकाशातल्या कराचीवर रोवले आणि दुसरे दक्षिणेकडे ओढत आणले. नकाशात जव्हार नव्हते. अक्षांश-रेखांश मोजून त्यांनी पेन्सिलीचा ठिपका दिला.

"पाचशे तेवीस मैल."

"मैल रहू दे," जमिनीवर बसलेली चैती म्हणाली. "दिवसात सांग. पंच दिवस मोजतात."

साखरशेताजवळच्या तिच्या पाड्याचा नेम जुना होता. दिवस उगवताना निघालेला माणूस मावळायच्या आत घरी पोचेल, एवढ्याच अंतरावर असेल तर तो घरचा. त्यापलीकडे तीन पावसाळे राहिला, तर गेला. त्याच्या बायकोचा दुसऱ्याशी पाट लावायचा. चैतीचा मुलगा मालू कराचीच्या बंदरात हमाली करायला गेला, त्याला तीन पावसाळे झाले होते. पंच उद्या बसणार होते.

"सून काय म्हणते?"

"गोदी चूल सोडत नाय. मालूच्या वाटणीची भाकर रोज थापते नि मलाच खायला लावते. बघ, कशी फुगले मी!"

तिची मनगटे काटकीएवढी होती. देवजी हसले.

दहा वर्षांपूर्वी, दरबारने जव्हार-मोखाडा रस्ता मोजायला घेतला तेव्हा, साखळीचे पुढचे टोक मालूच्या हाती असे. साखळी ताणली की तो "लागली!" अशी आरोळी देई आणि कमरेच्या पिशवीत एक हिरडा टाकी. पंधरा मैलांत बाराशे हिरडे. गणती एकदाच चुकली, ती देवजींच्या वहीत. हिरडे बरोबर होते. ती आरोळी दरीतून कशी परतून येई, याची नोंद मात्र कुठल्याच रकान्यात नव्हती.

"वर्तमानपत्रात आलंय म्हणे, कराचीचं इमान," चैती म्हणाली. "त्याला किती लागतं?"

"विमानाला मुंबईपर्यंत आठ तास. त्याच वेगाने जव्हारला..." देवजींनी भागाकार मांडला. "साडेसात."

"भारा घेऊन मोखाड्याहून मी येते, तेवढंच की!"

"चैती, त्यात टपालाच्या थैल्या असतात. मालू नसतो."

"पंचांनी वाट विचारलीय. गाडी कुठं विचारलीय?"

देवजींनी दरबारचा छापील कागद ओढला. स्थळ, अंतर, काळ, साधन. साधनाचा रकाना रिकामा ठेवणाऱ्या कारकुनाला त्यांनी पंचवीस वर्षे कागद परत केला होता.

स्थळ: कराची. अंतर: पाचशे तेवीस मैल. काळ: साडेसात तास.

टाक चौथ्या रकान्यावर थांबला. मग त्यांनी तो दौतीत ठेवला, कागदावर शिक्का मारला आणि चैतीच्या हाती दिला.

तिला वाचता येत नव्हते, पण मोकळ्या जागेवर तिने बोट ठेवले.

"हे कोरं राहिलं."

"राहू दे," देवजी कर्कटक पुसत म्हणाले. "मालू आला की त्याला विचारून भरू."