कागदावरची अकानिसी

कसाव्याच्या रानात घोटाभर चिखल झाला होता, तरी सेरूनं तिथंच पोरीची शाळा मांडली होती. रोवणीच्या काठीनं ती वरंब्यावर अक्षरं काढायची, पोर बोटानं गिरवायची, पाऊस येऊन सगळं पुसायचा की पुन्हा पहिल्यापासून सुरू.

"मास्तरांनी नाव इचारलं तर?"

"अकानिसी."

"आन् आत्तीम्होरं?"

"कायबी बोलायचं न्हाई."

पोरीला सगळा गाव तितिलिया म्हणत होता. हे थोरल्या नणंदेचं नाव. पहिल्या लेकराचं नाव बापाच्या घरच्यांनी ठेवायचं ही रीतच होती, आणि नणंदेनं दुसऱ्या कुणाला तोंड उघडू दिलं नव्हतं. एका नावाची दोन माणसं एकमेकांना नावानं हाक मारत नाहीत, 'याथा' म्हणतात. नणंद दिवसातनं दहादा दारातून ओरडायची, "याथा, ये गं माजे बाय!" आणि सेरूच्या अंगाची लाहीलाही व्हायची.

होण्यासारखंच होतं. पोर पोटात असताना सेरूची आई पलीकडच्या बेटावर अंथरुणाला खिळली. बोटवाल्यानं आणलेला निरोप नणंदेच्या हाती पडला. चर्चला द्यायच्या चटया अर्ध्याच झाल्या होत्या, आणि केवड्याच्या पाती सेरूइतक्या सुबक विणणारं घराण्यात दुसरं कुणी नव्हतं. नणंदेनं निरोप दोन दिवस गिळला. सेरू पोचली तेव्हा आईवर माती पडली होती.

"मला काय ठावं, म्हातारी येवढी घाई करंल!" नणंद म्हणाली, आणि चहा प्यायला बसली. सेरूनं तिला त्या दिवसापासून माफ केलं नव्हतं.

महिन्यानं पोर झाली. नणंद बाहेर जेवणावळीचं बघत होती, तेवढ्यात नर्सबाईनं जन्माच्या दाखल्यावर लिहायला नाव विचारलं. सेरूनं तिच्या कानात आपल्या आईचं नाव सांगितलं, अकानिसी. तो कागद सहा वर्षं पेटीच्या तळाशी पडून होता.

शाळेत नाव घालायच्या आदल्या दिवशी नणंद निळा झगा घेऊन आली. पहिला झगा थोरल्या याथानं द्यायचा असतो. पोरीला मांडीत घेऊन तिनं तिचे दाट केस शाळेसाठी बारीक कातरले, कानामागं तेल लावलं. लावताना तिचा हात इतका हलका होता की सेरूला वाटलं, जाऊ दे, सोडावं.

तेवढ्यात नणंद म्हणाली, "तुजी आई असती तरी असा झगा जमला असता व्हय गं तिला?"

"न्हाई वन्सं," सेरू म्हणाली, आणि कागद काढायला आत गेली.

सकाळी शाळेच्या ओसरीवर निम्मा गाव जमला होता. नणंदेचं घर समोरच, रस्त्यापलीकडं. ती ठेवणीतला झगा घालून पोरीचा हात धरून सगळ्यांच्या पुढं उभी. मास्तरांनी कागद उलगडला.

"अकानिसी?"

"अवो मास्तर, कुनाचा कागुद वाचताय?" नणंद हसली. "ही माजी याथा. तितिलिया!"

"कागदावर अकानिसीच आहे, बाई." मास्तर पोरीकडं वळले. "बाळ, नाव काय तुझं?"

पोरीनं आत्याकडं पाहिलं, मग आईकडं. सेरूची सहा वर्षं त्या एवढ्याशा ओठांवर लटकली होती.

"अकानिसी," पोर म्हणाली.

नणंदेचं तोंड पांढरंफटक पडलं. "सेरू, सा वरसं? सा वरसं दाबून ठिवलंस?"

"तुमी दोन दिस दाबलं, वन्सं. तेवढ्यात माजी आई गेली. आता रोज सकाळी दारात बसून हजेरी ऐका तिची."

नणंदेनं पोरीचा हात सोडला, पुन्हा धरला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"मंग म्या हिला हाक कशी मारायची गं?"

"नावानं मारा. आत्ताच मारा."

नणंदेनं वाकून पोरीचा झगा सारखा केला.

"अकानिसी," ती पुटपुटली.

"मोठ्यानं, वन्सं," सेरू म्हणाली.