चाकावरचं तीस

टेपचं शून्याचं टोक कृष्णातच्या हातात होतं, आणि ते नेमकं कुठं टेकवायचं हे त्या रानात फक्त त्यालाच ठाऊक होतं.

उचगावच्या अंगाला ऊस तुटून गेलेलं रान. कडेला एक फड अजून उभा. फडाच्या तोंडाशी काल चुन्यानं आखलेलं रिंगण. काल सकाळी तिथं गवा उभा होता. आता नुसतं रिंगण होतं, आणि त्याच्या मधोमध वाळून काळी पडलेली माती.

रिंगणापाशी टेपचं डबडं धरून वनखात्याचे धैर्यशील साहेब उभे होते. चौकशी त्यांच्याकडं होती. बाजूला श्यामला मॅडम. बचाव पथकाच्या जनावरांच्या डॉक्टर. बेशुद्धीची सुई त्यांनीच मारलेली. गवा पडला, पण परत उठलाच नाही. दोन तासांत गेला.

साहेबांना एवढंच पायजे होतं, सुई किती लांबून मारली. कारण सुईच्या बंदुकीत गॅसचा दाब अंतर बघून लावतात. लांब असलं तर जास्त, जवळ असलं तर कमी. जवळच्या जनावराला लांबचा दाब लावला की सुई मांडीत टोचायची सोडून वर चढते आणि आत घुसते. पोस्टमार्टेममध्ये तेच निघालं. पोटाच्या मऊ भागात, मागच्या गोंड्यासकट सगळी सुई आत.

रानात पाण्याचे दोन पाट होते, दोन्ही कोरडे, एक जवळचा आणि एक लांबचा. काल मॅडम आणि पथकातला त्यांचा मदतनीस कृष्णात फडाच्या आडोशानं, गर्दीच्या नजरेआड, रांगत येऊन त्यातल्या एकात आडवे झालेले. नंतर गर्दीनं सगळं रान तुडवलं. कुठल्या पाटात होतो, मॅडमना सांगता येईना. त्या रांगताना कृष्णातच्या टाचा बघत आल्या, मग खाली मान घालून सुई भरली, आणि मग दुर्बिणीत डोळा घातला.

कृष्णात आज सगळ्यांच्या आधी येऊन गेलता. जवळच्या पाटात त्याला सुईचं केशरी टोपण सापडलं. ते त्यानं खिशात टाकलं. का टाकलं ते त्यालाबी नीट सांगता आलं नसतं.

कालचं सगळं घाईघाईत झालं. दहा वाजेपर्यंत अर्धं उचगाव रानात. पोरं झाडावर, पाण्याच्या मोटारीच्या खोपीवर, सगळ्यांचे मोबाईल वर. दोघं फडाआड शिरेपर्यंत शेताचा मालक सयाजी सारखा मागंमागं यायचा. त्यानं आधी ऊस तुडवल्याचं रडगाणं गायलं, मग पथकाच्या गाडीला नावं ठेवली, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काय पावणं, गवा धराय आलाय का त्येचं लगीन ठरवाय?"

लोक हसले. कृष्णातचे कान तापले.

अंतर मोजायचं यंत्र महिनाभर दुरुस्तीला गेलेलं. पण कृष्णातकडं दुसरा उपाय होता. मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून त्यानं तो स्वतःच शिकलेला. बंदुकीवरच्या दुर्बिणीला बाजूला एक चाक असतं, त्याच्यावर आकडे. दहा, वीस, तीस, पन्नास. चाक फिरवत जायचं आणि चित्र साफ दिसलं की आकडा वाचायचा. तेवढे मीटर.

मॅडमनी त्याला आठ महिन्यांमागं ह्याच्यातली मेख सांगितलेली. कार्यालयामागं वाळक्या गवताचं पोतं टांगून सराव चाललेला. त्या म्हणालेल्या, "चित्र साफ दिसलं म्हणजे झालं, असं नाही. तरणा डोळा लबाड असतो, धुरकट असलं तरी ओढून साफ करून घेतो. चाक लावलं की मान जरा वरखाली कर. मधली फुली जनावरावरनं सरकली तर आकडा चुकलाय. जागची हलली नाही, तर बरोबर."

कृष्णात मनातल्या मनात हसलेला. पथकात यायच्या आधी चार वर्षं तो हुपरीत पैंजणं करायच्या कारखान्यात होता. सांध्यातली केसाएवढी चीर तो भिंगाशिवाय दाखवायचा. शेठ गिऱ्हाइकाला सांगायचा, हे पोरगं म्हणजे आमचं भिंग. अशा डोळ्याला मान कशाला हलवाय पायजे?

काल त्या पाटात त्यानं चाक फिरवलं. गव्याच्या कानातले केससुद्धा दिसले. आकडा तीस. फडापलीकडनं सयाजीचं चाललंच होतं, दुपारपर्यंत मारताय का जेवाण मागवू. मॅडमच्या हातात ती जहाल औषधाची सुई, दोन्ही हातांत मोजे. त्यांनी नुसतं विचारलं, किती?

"तीस," कृष्णात म्हणाला. मान हलवली नाही.

मॅडमनी तीसचा दाब लावला.

संध्याकाळी बंदूक पुसताना चाक तसंच तीसवर होतं. त्यानं कार्यालयामागं जाऊन पोत्यावर दुर्बीण धरली. तिथं वीस मीटरवर खुंटी मारलेली आहे. चाक वीसवर ठेवलं, पोतं साफ. पंचवीसवर साफ. तीसवरही तेवढंच साफ, काडी न् काडी दिसत होती. मग त्यानं मान हलवली. फुली पोत्यावरच्या खुणेवरनं घसरून खाली आली, परत वर गेली. पाच-सहा वेळा केलं. दर वेळी घसरली.

मॅडम पन्नाशीच्या. चष्म्याशिवाय त्यांना मोबाईलवरचा नंबर वाचता येत नाही. त्या थकलेल्या डोळ्याला तीसवर पोतं धुरकटच दिसलं असतं, आणि चाक त्यांच्या हाती असतं तर त्यांनी मागं घेतलं असतं. काल नेम धरताना त्यांना धुरकटच दिसलं असणार, पण त्याच्या आकड्यावर विसंबून त्यांनी दोष स्वतःच्या डोळ्याला दिला असणार.

त्या रात्री तो जेवला नाही. आईला वाटलं, गव्याचं वाईट वाटलंय. ती म्हणाली, पाडव्यानंतर कायमची ऑर्डर येणार तुझी, जिवाला लावून घिऊ नगंस. अर्ध्या हुपरीला तिनं सांगून ठेवलेलं. इकडं मोबाईलवर गवा कोसळतानाचा व्हिडिओ फिरत होता. खाली लिहिलेलं, डॉक्टरीणबाईनं मारला.

आता रिंगणापासनं साहेबांनी हाक दिली, "कृष्णात, टेकीव की टोक. जागा ठाऊक हाय न्हवं?"

तो लांबच्या पाटात उतरला आणि टोक काठावर दाबून धरलं.

"तीस पॉइंट चार," साहेब मोठ्यानं वाचत म्हणाले. "म्हंजे अंतर बरोबर सांगितलं हुतं पोरानं."

त्यांनी वही काढली. अंतर बरोबर म्हणजे दाब चुकला, आणि दाबाच्या झडपेवर हात मॅडमचा. पुढं काय होणार ते सगळ्यांना कळत होतं. मॅडमना बंदूक बंद. उद्या कुठं बिबट्या विहिरीत पडला तर सुई मारायला माणूस बाहेरच्या जिल्ह्यातनं यायचा, तोवर लोक दगड मारून मोकळे.

मॅडम भांडल्या नाहीत. चष्मा काढून ओढणीनं पुसला, परत घातला.

"मग झडपेचा काटा मीच चुकीचा वाचला," त्या म्हणाल्या. "लिहा तसं. डोळे तपासून घ्यायला हवेत आता."

हे त्या कुणाला सुनवायला म्हणाल्या नव्हत्या. त्यांना खरंच तसं वाटत होतं. कृष्णातला तेच सोसलं नाही. रागावल्या असत्या, संशयानं बघितलं असतं, तर त्यानं टोक तसंच दाबून धरलं असतं.

"साहेब, लिहू नगा," तो म्हणाला. "जागा ही न्हाय."

तो पाटातनं वर आला. टोक हातात धरून पुढं चालायला लागला, टेप मागं ढिली पडत गेली. जवळच्या पाटात उतरला, गुडघ्यावर बसला. खिशातनं केशरी टोपण काढून काठावर ठेवलं आणि त्याच्याशेजारी टोक टेकवलं.

साहेबांनी ढिली टेप ओढून घेतली. बराच वेळ वाकून बघितलं. मग एकवीस म्हणाले, आणि या वेळी मोठ्यानं म्हणाले नाहीत.

मॅडम रिंगण सोडून चालत आल्या. टोपणाकडं बघितलं, मग त्याच्याकडं.

"मान हलवली होतीस?"

"न्हाय."

"का?"

त्यानं सयाजीचं नाव घेतलं असतं तर चाललं असतं. गर्दीचंही. "साफ दिसत हुतं," तो म्हणाला. "लई साफ दिसत हुतं, मॅडम."

त्या काल जिथं आडव्या झाल्या होत्या तिथं पाटाच्या काठावर बसल्या आणि रिंगणाकडं बघत राहिल्या, जणू आत्ताच अंतर मोजत होत्या. मग उठून, कपड्याची माती न झटकता, गाडीकडं गेल्या.

"बंदुकीच्या कपाटाची किल्ली सांजच्याला जमा कर," साहेब तिकडनं म्हणाले. "आन् हे समदं तुझ्या हातानं ल्हिऊन दे. टोपणाचंबी."

"व्हय."

साहेबांनी टेप गुंडाळायला घेतली. टोक कृष्णातच्या बोटांतनं सुटलं आणि ढेकळांवरनं उड्या मारत, खोडक्यांत अडखळत, रिंगणाकडं निघालं. तो गुडघ्यावर तसाच बसून ते बघत होता. चुन्याची रेघ ओलांडताना ते एकदा चमकलं. एवढ्या लांबनंही त्याला त्याच्यावरचं शून्य स्पष्ट दिसलं.