सकिनाबी माझ्यावरून उठतात

मित्रांनो, माझे दोन्ही हात घासून गुळगुळीत झालेत, एक पाय जरासा आखूड आहे, पण पाठ अजून ताठ आहे. उमरग्यातली बाभळीची जुनी खुर्ची ती मीच. आज मी थोडी मिरवणार आहे, तेवढं चालवून घ्या.

मला शंभुलिंग सुतारांनी घडवलं. एरवी ते ट्रकांच्या फळ्या ठोकायचे. त्यामुळे माझे सांधेही त्यांनी असे बसवले, जणू मला माल भरून हैदराबादला जायचं होतं! मकबूलमियाँनी मला आपल्या कापड दुकानात ठेवलं. लग्नाचा बस्ता बांधायला लोक आले, की त्यांच्यातलं सगळ्यात मोठं माणूस माझ्यावर बसायचं. "खुर्ची लई दमदार हाय," असं कुणी म्हणालं की मकबूलमियाँ माझ्या पाठीवर थाप मारायचे. मानाच्या माणसाला बसवणं हेच माझं मोठेपण, असं मला वाटायचं.

मग दुकानात लाल प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. हलक्या, एकात एक बसणाऱ्या. माझी रवानगी घरामागच्या पत्र्याखाली झाली. अंगावर कांद्याची पोती आली, कोंबड्या येऊन बसू लागल्या. कोंबड्यांना बसण्याचा मान कळत नाही, एवढंच सांगते.

आणि एक दिवस मकबूलमियाँच्या बीबी, सकिनाबी, सोलापूरहून तपासणी करून परतल्या. त्यांच्या पोटात गाठ होती. ऑपरेशन करायला हवं होतं, पण रक्त कमी आणि अंगात ताकद नाही. डॉक्टर म्हणाले होते, "आधी नीट खा, चाला, पाय मजबूत करा. शरीर तयार झालं तरच ऑपरेशन. फार उशीर मात्र नको, गाठ वाढते आहे."

व्यायाम साधाच होता. चालायचं, खोल श्वास घ्यायचा आणि खुर्चीवरून सावकाश उठायचं-बसायचं. पण पहिल्याच दिवशी प्लास्टिकची खुर्ची मागं सरकली. सून फरहानानं सासूला कसंबसं धरलं. ती तडक मागं आली, पोती बाजूला सारली आणि मला बाहेर ओढलं.

तिनं मला धुतलं, एकेक सांधा हलवून पाहिला, स्वतः बसून-उठून पाहिलं. तरी तिचं मन मानेना. माझी पाठ भिंतीला टेकवली, आखूड पायाखाली गोणपाटाची घडी सारली, मगच म्हणाली, "या अम्मी, बसा."

शेजारच्या कमलबाई भाकरी घेऊन आल्या होत्या. त्या ओरडल्या, "अगं, तिला उठबस काय करायला लावतीस? पडू दे की! टाके सुटतील!"

"मावशी, टाके अजून घातलेत कुठं?"

"मग घालायच्या आधीच काळजी घ्यावी माणसानं!" कमलबाई काही हार मानणाऱ्या नव्हत्या.

सकिनाबी हसल्या. माझ्या हातांवर जोर देऊन त्या थरथरत उठल्या. तेव्हा मला कळलं, की आता माझं काम बसवण्याचं नाही, उठवण्याचं आहे.

ताटात अंडं, मटकीची उसळ, डाळ येऊ लागली. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर, आणि त्या वेळी चहा बंद! तरीही सकिनाबी दिवसेंदिवस जड होत चालल्या. वजनानं नव्हे, मरगळीनं. दुपारी माझ्यावर टेकल्या की त्यांचं डोकं माझ्या पाठीवर कलंडायचं. फरहाना त्यांच्या पापण्या खाली ओढून लाली शोधायची, पण ती काही दिसायची नाही.

कोडं सोडवलं फरहानाच्या छोट्या आफरीननं. "अम्मी, मला आता अंडं नको. दादी रोज मलाच देते. म्हणते, कुणाला सांगू नको."

फरहाना सासूसमोर येऊन उभी राहिली. "अम्मी, तुम्ही जेवत नाही?"

सकिनाबींनी मान खाली घातली. "मन्नत मानलीय बेटा. ऑपरेशन सुखरूप व्हावं म्हणून रोजे धरलेत."

फरहानाचे डोळे भरून आले. "अम्मी, तुम्ही जेवला नाहीत तर ऑपरेशनच होणार नाही हो!"

मकबूलमियाँ दारातून पुढं आले. "बीमाराला रोजा माफ असतो, हे मला टायफॉइड झाला तेव्हा कोण म्हणालं होतं? तूच ना? ओरडून म्हणालीस, सगळ्या गल्लीनं ऐकलं."

"पण दिलेल्या शब्दाचं काय?"

"बरी झालीस की पुरा कर. अल्लाहला काही घाई न्हाय. घाई डॉक्टरांना हाय."

सकिनाबींनी माझा हात कुरवाळला. मग म्हणाल्या, "आण ते अंडं. आणि आफरीनला वेगळं दे. पोरीची सवय मीच बिघडवलीय."

त्यानंतर त्या प्रत्येक वेळी उठताना "बिस्मिल्लाह" म्हणत. हळूहळू माझ्या हातांवरचा त्यांचा भार कमी झाला. पुढं त्यांची फक्त बोटं टेकायची. मग एके सकाळी तीही टेकली नाहीत. मित्रांनो, त्या दिवशी माझ्या प्रत्येक सांध्याला वाटलं, आपण ट्रकच पेलला!

रक्त वाढलं. ऑपरेशन झालं. दुसऱ्याच दिवशी त्या धरून धरून चार पावलं चालल्या, हे फरहानानं फोनवर सांगितलं तेव्हा मकबूलमियाँनी माझ्या पाठीवर थाप मारली. किती वर्षांनी!

घरी आल्यावर सकिनाबींना पुन्हा माझ्या हातांचा आधार लागला. लागू दे. मी कुठं जाणार होते?

कमलबाई आता गल्लीभर सांगतात, "ऑपरेशनच्या आधी उठबस करावी बाई, म्या तर पहिल्यापासून म्हणत होते."

म्हणून सांगते मित्रांनो, घरातलं कुणी ऑपरेशनला निघालं असेल, तर त्याला नुसतं "पडून राहा" म्हणू नका. डॉक्टरांना विचारून त्याला चालतं करा, आणि ताटातलं पोटात जातंय का, हे शेजारी बसून पाहा. आणि आधार देणारं जुनं काही मागं पडलं असेल, तर त्यावरची पोती जरा बाजूला सारा.

डॉक्टरांनी परवानगी दिली, तेव्हा सकिनाबींनी मन्नतीचा पहिला रोजा धरला. संध्याकाळी माझ्यावर बसूनच तो सोडला. खजुराचा चिकट ठसा माझ्या उजव्या हातावर उमटला. फरहाना ओलं फडकं घेऊन आली, तर सकिनाबी म्हणाल्या, "राहू दे." आणि हात न टेकता उठल्या.