दोनशे यार्डांच्या आत

आल्विन टॉरगर्सनला चौऱ्याऐंशी वर्षं झाली होती आणि त्यातली सत्तर त्याने हॉलिस ब्रॅनम वाचण्यात घालवली होती. बायबल तरी इतक्या वेळा वाचतोस का, अशी त्याची बायको मरेपर्यंत कुरकुरत होती. ब्रॅनम हा रायफलींवर लिहिणारा माणूस. एका मासिकात, महिन्याला एक लेख, सत्तावीस वर्षं. आता रायफलीवर लिहून लिहून माणूस लिहिणार काय, असं तुम्हाला वाटेल. नळीची लांबी, गोळीचं वजन, संपलं. अहो, छे! या माणसाने दस्त्याच्या अक्रोडी लाकडातल्या रेषांवर दोन पानं लिहिली होती. ती वाचून पोरसवदा आल्विन उठला, बापाची रायफल खिडकीपाशी घेऊन गेला आणि तासभर दस्ताच बघत बसला. जन्मापासून घरात असलेली वस्तू त्याला त्या दिवशी पहिल्यांदा दिसली.

शिवाय ब्रॅनम फेकत नसे. बाकीचे रायफलवाले लेखक दर घोटामागे नेमाचं अंतर शंभर यार्ड वाढवायचे. हा आपली चुकलेली नेमबाजीसुद्धा लिहायचा. आणि त्याचा एक नियम होता. अठ्ठावन्नच्या वसंतात त्याने तो पहिल्यांदा लिहिला: दोनशे यार्डांपलीकडचा प्राणी तुमचा नाही, तो अजून स्वतःचाच आहे.

या एका ओळीने आल्विनचं वाटोळं केलं, असं त्याचा धाकटा भाऊ मर्ल म्हणायचा. एकसष्ट साली दोघं डोंगरात गेले असताना समोर असा एल्क, म्हणजे तिकडचं घोड्याएवढं हरीण, उभा राहिला की तसली शिंगं त्या खोऱ्यात पुन्हा कुणी पाहिली नाहीत. मर्लचा त्या हंगामातला एका जनावराचा परवाना आधीच वापरून झाला होता. आल्विनचा शिल्लक होता. अंतर साडेतीनशेच्या आसपास. मर्ल कानाशी फुसफुसत होता, "गोळी झाड ना, दादा! झाड!" आल्विनने रायफल खाली केली. एल्क सावकाश चालत झाडीत गेला. तेव्हापासून साठ वर्षं एकही नाताळ असा गेला नाही की जेवणाच्या टेबलावर मर्लने तो एल्क पुन्हा चालवत नेला नाही.

आल्विन हसून सोडून द्यायचा. पण आतून त्याला ते लागायचं. आपण शहाणपणा केला की निव्वळ भित्रेपणा, आणि त्याला एका लेखकाच्या वाक्याची शाल पांघरली, हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

सप्टेंबरातल्या एका सकाळी मर्ल दारात उभा राहिला.

"दादा, तुझ्या देवाची जागा सापडली."

"कुठली जागा?"

"सत्तावन्नचा तो लेख. फोटो आहे बघ, चिरलेला पांढरा खडक. मासे धरायला गेलो होतो, मान वर केली तर तोच खडक! डोंगराची कडसुद्धा तीच."

तो लेख आल्विनला तोंडपाठ होता. ब्रॅनमने दरीपलीकडच्या एल्कवर गोळी झाडली, नळीच्या टोकावरच्या साध्या माशीने नेम धरून, दुर्बीण नाही काही नाही. 'दोनशेला जरा कमी' असं अंतर त्याने लिहिलं होतं. गोळी खांद्याऐवजी मागच्या मांडीत बसली. जखमी जनावरामागे तो दोन दिवस फिरला आणि मग एका गोळीने त्याला त्या हालांतून सोडवलं. 'त्या दोन दिवसांबद्दल मला काही सांगायचं नाही' एवढं लिहून लेख संपला होता. त्यानंतर मासिकात पत्रांचा पाऊस. दोनशेवर उभा एल्क चुकतो आणि हा आम्हाला शिकवणार! वर्षभर लोकांनी टिंगल केली. ब्रॅनमने एकाही पत्राला उत्तर दिलं नाही.

"चल, मोजून येऊ," मर्ल म्हणाला. त्याने खिशातून नातवाचं अंतर मोजायचं यंत्र काढलं. "माझा अंदाज सांगू? ऐंशी यार्ड. ऐंशीवरून चुकला आणि लाजेकाजेस्तव दोनशे लिहिलं. अशा माणसाच्या सांगण्यावरून तू तो एल्क सोडलास!"

"बोलून झालं असेल तर गाडी काढ," आल्विन म्हणाला. आणि मासिक छातीशी धरून तो बाहेर पडला.

जंगलखात्याच्या रस्त्याने गाडी वरपर्यंत गेली. पुढचा अर्धा मैल पायी. तेवढ्याला दोघांना दीड तास लागला, कारण मर्लचे गुडघे आणि आल्विनचा दम. मध्ये एका ओंडक्यावर बसून लोणी-साखर लावलेला लेफ्सा, ती बटाट्याची नॉर्वेजियन पोळी, खाल्ला, थर्मासातली कॉफी प्याले आणि कोण आधी मरणार यावरून भांडले.

कड्यावर आल्विनने मासिक उघडलं. फोटोखाली छापलं होतं: 'गोळी झाडली त्या जागेवरून. एल्क पांढऱ्या खडकाशी उभा होता.' तो पावलापावलाने सरकत फोटोतली डोंगरकड समोरच्या कडेशी जुळवू लागला. एका सपाट दगडावर पाय ठेवला आणि सगळं जुळलं. कड, खिंड, खालचा ओढा. चिरलेला खडकही होता. पण केवढासा!

मर्लने यंत्र डोळ्याला लावलं. पुसलं, परत लावलं.

"किती?" आल्विनने विचारलं.

"तीनशे नव्वद."

"नीट बघ."

"तीनदा बघितलं, दादा. तीनशे नव्वद." आणि मग मर्ल उसळलाच. "म्हणजे हा लबाड! स्वतः चारशेवर झाडतो आणि तुला दोनशेचं कीर्तन! साठ वर्षं तू याच्या नावाने..."

"गप्प बस जरा."

आल्विन त्या दगडावर मटकन बसला. खोटं लिहिलं होतं. ब्रॅनमने! डोळ्यांत पाणी आलं त्याच्या, आणि ते मर्लला दिसलं तरी त्याला पर्वा नव्हती. खोटं बोलणारे त्याने पुष्कळ पाहिले होते, पण सगळे स्वतःला मोठं करायला खोटं बोलायचे. हा अंतर कमी करून सांगत होता. कशासाठी? साध्या माशीवर तीनशे नव्वद यार्डांवरून एल्कला गोळी लागणं म्हणजे काय चेष्टा होती का! खरं लिहिलं असतं तर मांडीत लागली काय नि खांद्यात लागली काय, देशभर वाहवा झाली असती.

वाहवा झाली असती, आणि पुढच्या हंगामात प्रत्येक पोरगा चारशेवर झाडत सुटला असता.

आल्विनने मासिक पुन्हा उघडून वरची तारीख बघितली.

"मर्ल्या," तो हळूच म्हणाला, "दोनशेचा नियम त्याने कधी लिहिला, माहीत आहे? याच्यानंतर. पुढच्या वसंतात. त्याआधी एका लेखात नाही तो. दोन दिवस त्या जनावरामागे फिरला, आणि घरी येऊन ठरवलं की हे दुसऱ्या कुणी करायचं नाही. म्हणून अंतर गिळलं. जगाला म्हणाला, मीच कच्चा नेमबाज आहे. हसा मला."

वारा दरीतून वर येत होता. आल्विनने टोपी काढून मांडीवर ठेवली होती आणि तो त्या खडकाकडे एकटक बघत होता. एवढा मोठा माणूस आपण महिन्याला पाव डॉलरात वाचत होतो, असं त्याच्या मनात येत होतं.

"दादा," मर्ल म्हणाला, "त्या पत्रांतलं एक माझं होतं."

"काय?"

"सतरा वर्षांचा होतो. टोपणनावाने पाठवलं. दोनशेवर तर आमची आजी चष्म्याशिवाय..."

"ते तू?" आल्विन ताडकन उभा राहिला. "आजीकडे शिकवणी लावा, ते? अरे, त्या माणसाला शोधून बडवायचं म्हणून मी महिनाभर धुमसत होतो! शेजारच्या खाटेवर झोपत होतास तू माझ्या!"

"म्हणून तर बोललो नाही." मर्लने नाक ओढलं. "वाचलं असेल का रे त्याने?"

"सगळी वाचायचा. तसं त्यानेच लिहिलंय."

"एका ओळीत माझं थोबाड बंद करता आलं असतं त्याला. तीनशे नव्वद होते, एवढंच लिहायचं."

"हो. आणि ती ओळ वाचून तू काय केलं असतंस?"

मर्लने समोरच्या इवल्याशा खडकाकडे बघत यंत्र खिशात घातलं.

"झाडत सुटलो असतो," तो म्हणाला.