मागे जाणारा आकडा

जुनी गाडी विकत घ्यायला आलेल्या खंडेरावांनी स्कूटरच्या मीटरवरची धूळ अंगठ्यानं पुसली, वाकून आकडा वाचला आणि शुभांगीकडे पाहिलं.

"ताई, मागल्या हप्त्यात आकडा जास्ती होता. मीटर मागं फिरवलं का काय?"

"आम्ही कशाला फिरवू?"

"बाजारात लय जण फिरवतात. पण सरांच्या घरी असं नाय वाटलं." ते हसले, पण गाडी न घेताच निफाडला परत गेले.

शुभांगी मीटरसमोर उभी राहिली. बारावीच्या मुलांना डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशन शिकवायची वेळ आली की बाबा आख्खा क्लास याच स्कूटरभोवती गोळा करत. सुई म्हणजे आत्ताचा वेग, आकडा म्हणजे आजवरची सगळी वाट. आकडा किती भरभर बदलतो ते पाहा, सुई कळेल. सुईनं दाखवलेला क्षण न् क्षण साठवत जा, आकडा वाढत जाईल. चाकातून एकच तार वर येते आणि दोघांना फिरवते.

निफाडच्या रस्त्यावर छातीत कळ आली तेव्हा बाबांनी गाडी कडेला घेऊन नीट स्टँडवर लावली होती. बाबा तिथंच गेले. गाडी टेम्पोतून घरी आली, त्यानंतर कुणी सुरूही केली नव्हती. आकडा घटायचा तर वेग उणे हवा. चाक उलटं फिरायला हवं.

दुपारी कॉलनी झोपलेली असताना फाटक वाजलं. शुभांगी बाहेर आली. समोरच्या मैदानात, रणरणत्या उन्हात, आई दोन्ही हातांनी स्कूटर ओढत उलट पावलांनी चालत होती.

"आई, हे काय?"

"उलटं गेलं की वजा होतं ना? हे पोरांना सांगायचे, मी स्वयंपाकघरातून ऐकायचे."

"पण कुठवर नेणार?"

"त्या सकाळच्या आकड्यापर्यंत. निघताना मोठ्यानं वाचायचे ना रोज. आता थोडंच राहिलंय."

"आणि मग?"

आई थांबली. तिनं हात सोडून पदरानं मान पुसली.

"मग ह्यांना सांगायचं, आज नका जाऊ."

शुभांगीनं मीटरकडे पाहिलं. सुई शून्यावर होती. शेवटचा आकडा अर्धा वळून अडकला होता. ती पलीकडे गेली आणि तिनं हँडलची मूठ धरली.

जोर लावण्याआधीच गाडी मागे सरकू लागली. आईचे हात अजून पदरातच होते.