डिंकाचे लाडू, जिनोआ

सकाळी अकराच्या सुमाराला, जिनोआच्या जुन्या बंदरामागच्या एका अरुंद गल्लीत, उल्का चालता चालता थांबली आणि म्हणाली,

"तुझा फ्रिज तू तिथेच ठेवणार की बेसमेंटमध्ये हलवणार? स्वानंद विचारत होता."

सुनेत्राने मान वर केली. दोन्ही बाजूंच्या उंच घरांमधून आकाशाची एक पट्टी दिसत होती, आणि तिच्यावर कुणीतरी चादरी वाळत घातल्या होत्या.

"कुठला फ्रिज?"

"अगं, ओकव्हिलच्या घरातला. स्वानंदने मागच्या विंटरमध्येच नवा घेतलाय. दोन दोन फ्रिज काय करायचेत त्या नवरा-बायकोला? एक जुलैला मूव्ह होतायत ना ते तुमच्याकडे."

स्वानंद हा उल्काचा भाचा. सुनेत्राने पिशवीचा पट्टा खांद्यावर नीट ओढून घेतला.

"किती दिवसांसाठी?"

"वर्षाचं लीज आहे म्हणे." उल्का तिच्याकडे बघत राहिली. "म्हणजे... रविकांतनी तुला सांगितलं नाही?"

पुढे गाइडची पिवळी छत्री वळणावर दिसेनाशी होत होती. "चल," सुनेत्रा म्हणाली, "मागे राहू."

२००९च्या मे महिन्यातली ही सहल. टोरांटोजवळच्या ओकव्हिल-मिसिसागाकडची चार मराठी जोडपी, सगळी निवृत्त, रोमपासून वर वर सरकत आज शेवटच्या गावी आली होती. चार वाजता बस बंदरावरून मिलानला निघणार होती. दुसऱ्या दिवशी तीन जोडपी टोरांटोला परतणार होती. सुनेत्रा आणि तिचा नवरा रविकांत मात्र परस्पर व्हँकुव्हरला, मुलाकडे, देवेशकडे. सून जाईचे दिवस भरत आले होते.

सुनेत्राच्या पिशवीत स्टीलचा डबा होता. त्यात डिंकाचे लाडू. मुलगी अस्मिता ओटावाला असते, तिच्या दोन्ही बाळंतपणांना केले तसेच हेही तिने स्वतः डिंक तळून, खारीक कुटून केले होते. हॉटेलच्या खोलीत डबा दिसला की रविकांतचा हात त्यात जाई. "बाळंतिणीचे आहेत ते," असं तिने रोममध्ये दोनदा सांगितलं आणि फ्लॉरेन्सपासून डबा बरोबर घेऊनच फिरू लागली.

गल्ली संपली तिथे काळ्या-पांढऱ्या दगडांच्या पट्ट्यांचं मोठं चर्च होतं. आत एका भिंतीशी माणसाच्या छातीएवढा उंच तोफगोळा उभा करून ठेवला होता. दुसऱ्या महायुद्धात तो ब्रिटिश जहाजावरून आला, भिंत फोडून आत पडला आणि फुटलाच नाही, असं गाइड सांगत होता. बाकीचे पुढे गेले. रविकांत, आयुष्यभर पुलांचं काम केलेला इंजिनिअर, एकटाच गोळ्यापाशी वाकून उभा होता.

"अहो, एक जुलैपासून स्वानंद आपल्या घरात राहायला येतोय?"

रविकांतने चष्मा वर सरकवला. "उल्का बोलली?"

"फ्रिजचं विचारत होती."

"मी सांगणारच होतो. व्हँकुव्हरला पोचल्यावर."

"मी देवेशला सहा आठवडे म्हटलं होतं. तुमच्यासमोर."

"आणि सहा आठवड्यांनी त्या मुलीने काय करायचं? तिच्या आईला व्हिसा मिळाला नाही. डे-केअरची वेटिंग लिस्ट वर्षाची आहे. देवेशने मला विचारलं, मी हो म्हटलं. आता घर रिकामं ठेवून विंटरमध्ये पाइप फुटू द्यायचे का? मी जरा प्रॅक्टिकल विचार केला."

"मला विचारलं नाहीत."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

त्यात टोमणा नव्हता. एखादी मोजून पाहिलेली गोष्ट सांगावी तसं तो बोलला. सुनेत्राने मान डोलावली.

"हो. म्हणाले असते."

"मग?" त्याच्या मते प्रश्न सुटला होता.

हॉस्पिटलच्या लॅबमधून निवृत्त झाल्यावर तिचं पहिलं वर्ष ओटावात अस्मिताच्या मुलांमागे गेलं. दुसरं वर्ष तिचं स्वतःचं होतं. सकाळी तळ्याकाठी चालणं, कम्युनिटी सेंटरमध्ये पोहण्याचा क्लास, बुधवारी शेजारच्या रीता पारोदीच्या किचनमध्ये इटालियनचे धडे. रीता मूळची याच गावची. वयाच्या बासष्टाव्या वर्षी सुनेत्रा पहिल्यांदा खोल पाण्यात उतरली होती, आणि सप्टेंबरमध्ये पुढच्या बॅचला जाणार होती.

"माझा पासपोर्ट द्या," ती म्हणाली.

कॅनडात आल्या दिवसापासून दोघांचे पासपोर्ट रविकांतकडे असत. या सहलीत ते त्याच्या गळ्यातल्या पाऊचमध्ये, शर्टाच्या आत होते.

"कशाला? इथे कोण मागतंय?"

"मी मागतेय."

 मग पाठ वळवून, बटणं सोडून, त्याने पाऊच बाहेर काढला. दोन पासपोर्टांतला तिचा कुठला ते उघडून पाहावं लागलं.

"चार वाजता बस आहे," पासपोर्ट देताना तो म्हणाला.

"माहीत आहे."

पिवळी छत्री मत्स्यालयाकडे निघाली. सुनेत्रा उलट्या दिशेला, पुन्हा गल्ल्यांमध्ये शिरली.

एकटीने चालताना गाव निराळं वाटलं. गाइडने वगळलेली दारं आता दिसू लागली: काळ्या दगडात कोरलेल्या चौकटी, त्यांच्या आत चपला दुरुस्त करणारा, कोंबड्या विकणारा, कुलपांचं दुकान. एका भट्टीतून भाजलेल्या बेसनाचा वास आला. मोठ्या तांब्याच्या परातीत बेसनाचं पातळ पीठ भाजून त्याचे तुकडे विकत होते. रीता हे करायची तेव्हा सुनेत्रा तिला सांगायची, हे आमचं धिरडंच, फक्त तुम्ही त्यात कांदा-मिरची घालायचं विसरलात. काउंटरवरच्या माणसाला तिने इटालियनमध्ये दोन तुकडे मागितले. त्याने मान वर न करता कागदात बांधून दिले. आपलं बोलणं त्याला कळलं, आणि त्यात काही विशेष वाटलं नाही, याचं तिला फार बरं वाटलं.

डोंगरावरच्या वस्तीत जायला या गावात रस्त्यावरूनच लिफ्ट आहे. बाजाराच्या पिशव्या घेतलेल्या बायका बसमध्ये चढावं तशा तिच्यात चढत होत्या. सुनेत्राही चढली.

वरच्या कठड्यापासून सगळं गाव एका नजरेत मावलं. राखाडी छपरं, घुमट, पलीकडे बंदर, त्याच्या टोकाला जुनं दीपगृह. धक्क्याजवळ त्यांची पांढरी बस उभी होती. साडेतीन वाजले होते. ती बाकावर बसली आणि डबा मांडीवर घेतला.

जाईचा आवाज आठवला. गेल्या आठवड्यात फोनवर ती म्हणाली होती, "आई, तुम्ही डेटच्या आधी याल ना? मला फार भीती वाटतेय." तिला वर्षाचं लीज माहीत होतं की नाही, कोण जाणे.

सुनेत्राने फोन काढला.

"उल्का, स्वानंदला सांग, दुसरं घर बघ."

"अगं, तू आहेस कुठे? रविकांत सारखे विचारतायत."

"वर आहे. सांगशील ना?"

"सुनेत्रा, त्याने नोटीस दिलीय गं तिकडे. आणि मूव्हर्सपण बुक केलेत. आता काय सांगू मी त्याला?"

"महिनाभर आहे अजून त्याच्याकडे. फ्रिज माझाच राहील म्हणावं. किचनमध्येच."

 उल्का हळू आवाजात म्हणाली, "रविकांतना काय सांगू?"

"तेच."

फोन ठेवून तिने डबा उघडला. एक लाडू घेतला आणि दाताने फोडला. तूप, गूळ, कुरकुरीत डिंक. जायफळ थोडं जास्त झालं होतं. आजवर केलेल्या एवढ्या लाडवांत हे तिला कधी कळायचं कारणच नव्हतं. चव बघायलाही तिने कधी एक मोडला नव्हता.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारी भाजीची ढकलगाडी पायाशी घेऊन बसली होती. ती डब्यात डोकावली.

"गोड आहे?"

"गोड. मूल झालं की बाईला देतात आमच्याकडे," सुनेत्रा तुटक इटालियनमध्ये म्हणाली. "अंगात ताकद यायला."

"तुझ्या आईने तुला दिले असतील."

"आई लांब होती. पहिल्या वेळी तिने पोस्टाने पाठवले. पार्सल पोचलं नाही."

"आणि दुसऱ्या वेळी?"

"दुसऱ्या वेळी आई नव्हती."

म्हातारीने मान हलवली. मग हनुवटीने डब्याकडे खूण केली. "मग हे कुणासाठी? बाळंतीण कोण?"

सुनेत्राने शब्द शोधला. सोपा होता, रीताने पहिल्याच बुधवारी शिकवला होता.

"मी," ती म्हणाली.

म्हातारी तिच्या पांढऱ्या केसांकडे बघून आवाज न करता हसली आणि तळहात पुढे केला. सुनेत्राने त्यावर एक लाडू ठेवला. दोघी खात बसल्या.

चार वाजून दहा मिनिटांनी बस धक्क्यावरच होती. दार उघडं होतं. दाराशी बंद पिवळी छत्री, आणि तिच्या बाजूला फोन कानाला लावलेला, निळ्या शर्टातला एक माणूस. सुनेत्राच्या मांडीवर डब्याशेजारी फोन वाजत होता. पासपोर्ट पिशवीत होता. तिने दुसरा लाडू हातात घेतला होता.