महिपतचा खांदा आणि मी

मित्रांनो, पावस गावी महिपत सुर्व्यांच्या पडवीत एक लांब बांबू आडवा टांगलेला दिसेल. त्याच्या टोकाला सुताची जाळी आणि लहानसे पाते आहे. ती मी, झाडावरचे आंबे उतरवायची घळ. आता मी म्हातारी झाले आहे, पण हकिकत सांगण्याइतका ताठपणा अजून अंगात आहे.

मला महिपतनेच घडवले. लढाईवर जाण्याआधीच्या वर्षी त्याने बांबूच्या बेटातला त्यातल्या त्यात सरळ बांबू निवडला, विस्तवावर शेकून त्याचा बाक काढला आणि जाळी विणली. त्याच्या उजव्या हातात मी उंच फांदीपर्यंत सहज पोहोचत असे. आंबा जाळीत यायचा तो देठासकट. देठ तुटला की चीक ओघळतो आणि आंबा डागाळतो. महिपतचा आंबा कधी डागाळला नाही. वाडीत त्याचे मोठे कौतुक होई आणि थोडे माझेही.

मग पहिल्या महायुद्धात तो पलटणीत भरती होऊन दूर इराकातल्या बसऱ्याला गेला आणि मी माळ्यावर धूळ खात पडले. युद्ध संपल्यावर तो परतला, पण त्याचा खांदा पहिल्यासारखा राहिला नव्हता. नदीकाठी दारूगोळ्याच्या पेट्या उतरवताना जवळच तोफेचा गोळा फुटला होता आणि एक पेटी त्याच्या उजव्या खांद्यावर आदळली होती. निखळलेला सांधा फार उशिरा बसवला गेला. हात छातीच्या वर जाईना. सरकारने पेन्शन दिली, पण काही वर्षांनी पुन्हा तपासणी होईल असे कागदावर लिहिले.

पहिल्याच हंगामात त्याने मला उचलले. मी छातीपर्यंत गेले आणि धाडकन खाली आले. तेव्हा त्याची बायको सगुणा पुढे आली.

"व्हा बाजूला," ती म्हणाली आणि तिने मला दोन्ही हातांनी उचलले.

त्या दिवशी तिने जितके आंबे जाळीत घेतले, त्याहून जास्त जमिनीवर पाडले. एक तर थेट महिपतच्या डोक्यावर पडला. दोघेही पोट धरून हसले. पण सगुणा चिकाटीची. दुसऱ्या हंगामात तिचा एकही देठ तुटेना.

बागेभोवती दगड रचून केलेला उंच गडगा होता आणि दोघे उजाडताच काम उरकत, त्यामुळे हे कोणाला कळले नाही. बाजारात कोणी विचारले, तर महिपत छाती काढून सांगे, "मीच काढलं की!" बाईमाणसाने घळ धरावी आणि पुरुषाने खाली करंड्या भराव्यात, याची त्याला लाज वाटे.

ती लाजच त्याला नडली. १९२६ साली सरकारी कारकून चौकशीला गावात आला. त्याने चार लोकांना विचारले आणि चारही जणांनी अभिमानाने सांगितले, "महिपतसारखा आंबं काढणारा दुसरा न्हाय!" कारकुनापुढे महिपतही सवयीने तेच बोलला, फेरतपासणी नुसती वरवर उरकली गेली आणि पेन्शन बंद झाली. 'खांदा बागकामाने दुखावला आहे, लढाईने नव्हे,' असा शेरा आला. बागेचा खर्च पेन्शनीवरच भागत असे. आता कलमांची बाग दुसऱ्या कोणाला करायला देण्याची पाळी आली.

गावच्या शाळेतल्या भिकाजी मास्तरांनी अपील लिहायला घेतले.

"महिपत, खरं काय ते सांग. आंबे कोण काढतं?"

महिपत उगाच करंडी आवरू लागला. शेवटी सगुणाच बोलली, "लढाईत तोफांना भ्याला न्हाय, आन् वाडीतल्या माणसांना भिता?"

महिपतने मान खाली घातली आणि म्हणाला, "लिवा मास्तर. ही काढते."

पुढच्या वैशाखात रत्नागिरीला डॉक्टरांच्या मंडळापुढे तारीख लागली. मास्तर स्वतः बरोबर निघाले आणि त्यांनी मलाही सोबत घ्यायला सांगितले. भाट्याची खाडी ओलांडायला तरीच्या होडीत बसलो, तेव्हा माझे टोक बाहेर पाण्यात भिजत होते आणि तरीवाला कुरकुरत होता, "माणसं तीन आन् बांबू दोघांएवढा!"

कचेरीत जाड चष्म्याचे म्हातारे डॉक्टर बसले होते. त्यांनी कागद चाळले.

"आधी म्हणालास तू काढतोस. आता म्हणतोस बायको काढते. पेन्शनसाठी बायकोला पुढे करतोस?"

महिपत पलटणीत उभा राहावा तसा ताठ उभा राहिला. "साहेब, खोटं बोललो व्हतो. पन ते पेन्शनीसाठी न्हाय, लाजेपायी. आठ हंगाम आंबं हिनं काढलं आन् नाव मी मिरवलं."

डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवले. मग खिडकीबाहेरच्या रायवळ आंब्याकडे बोट दाखवून ते सगुणाला म्हणाले, "काढून दाखवा."

तिने पदर खोचला, मला उचलले आणि आम्ही अंगणात गेलो. शिपाई गोळा झाले. पहिला आंबा जाळीत आला, मग दुसरा, मग तिसरा. अकरा आंबे उतरले, सगळे देठासकट. एक शिपाई तर टाळ्या वाजवू लागला.

डॉक्टरांनी महिपतला सदरा काढायला सांगितले. आधीच्या तपासणीत ते कोणी सांगितलेच नव्हते. त्यांनी फीत घेऊन दोन्ही दंड मोजले. डावा भरलेला होता, उजवा सुकलेल्या काठीसारखा.

"या हाताने आठ वर्षं काम केलेलंच नाही," ते सोबतच्या डॉक्टरांना म्हणाले. "बागकामाने खांदा दुखावला म्हणता, तर हा दंड असा वाळला कसा?"

आषाढात टपाल आले. मास्तरांनी निकाल देवळासमोर मोठ्याने वाचला. पेन्शन पुन्हा सुरू झाली होती. आणि खाली सरकारी भाषेत लिहिले होते, 'आंबे उतरविण्याचे काम अर्जदाराची पत्नी सगुणा उत्तम रीतीने करिते.' सगळी वाडी सगुणाकडे बघू लागली. महिपत म्हणाला, "मास्तर, तेवढं शेवटचं परत वाचा!"

पुढच्या हंगामापासून उजाडताच काम उरकायची घाई उरली नाही. शेजारची हौसा माझ्यावर हात बसवायला येऊ लागली, मग आणखी दोघी आल्या. महिपत सावलीत बसून डाव्या हाताने आणि गुडघ्याच्या आधाराने माझी जाळी विणू लागला. त्याने विणलेल्या जाळीला गावात मागणी आली.

मित्रांनो, आता माझा बांबू तडकला आहे आणि माझ्या जागी नवी घळ आली आहे. तिच्यासाठी एवढेच मागणे आहे. तिला भिंतीला टेकवून उभी ठेवू नका, ती वाकते. आडवी टांगा, जाळी वाळवा, पात्याला तेलाचे बोट लावा. आणि कोणी तुमच्या हातावर पिकलेला आंबा ठेवला, तर खाण्याआधी विचारा, हा कोणी काढला?